अडीचशे डॉलरची नजर

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या हातात क्रिकेटची बॅट दिसते, ट्रेकिंगची काठी दिसते. पण रायफल? आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण? ती निवडायची कशी, खिशाला चाट किती बसते आणि स्वस्तातली घेतली तर तिची किंमत नेमकं कोण मोजतं?

शिकार म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? मेलेल्या वाघावर पाय ठेवून मिशीला पीळ देणारे संस्थानिक, नाहीतर जुन्या हिंदी सिनेमातले ब्रीचेस घातलेले ठाकूरसाहेब. बरोबर? आता या फोटोतून वाघ काढा, मिशी काढा आणि त्या जागी भडक नारिंगी जॅकेट घातलेली, थर्मासमधला आल्याचा चहा पिणारी, एरवी सकाळी नऊच्या मीटिंगला लॉग-इन करणारी एक मराठी मुलगी बसवा. हाय! ती मीच.

मी राहते पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या जरा बाहेर. इथे हरणांचा सीझन म्हणजे आपल्याकडचा गणपतीच समजा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी खेड्यांतल्या कितीतरी शाळांना सुट्टी देतात, कारण मुलं वर्गात येणारच नसतात. वर्षानुवर्षं रायफलच्या सीझनचा पहिला दिवस हाच सोमवार असायचा. २०१९ साली तो अलीकडच्या शनिवारवर आला, पण उत्साह तोच.

आता तुमच्या मनातला प्रश्न आधी निकालात काढू. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण इथलं गणित वेगळं आहे. पेनसिल्व्हेनियातले लांडगे आणि प्यूमा एकोणिसाव्या शतकातच जवळपास संपले. त्यामुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांना खाणारं कुणी फारसं उरलं नाही आणि ती वाढली तर जंगलातलं एकेक कोवळं रोप फस्त करतात. म्हणून सरकारी गेम कमिशन दरवर्षी कुठे किती आणि कधी मारायची ते ठरवून परवाने देतं. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला कोर्स करून परीक्षा द्यावी लागते. मीही दिली. मिळालेलं मांस वर्षभर फ्रीझरमध्ये असतं आणि मालवणी मसाल्यात ते काय लागतं, ते विचारू नका!

हे सगळं मी फोनवर आईला अगदी पॉवरपॉइंट दिल्यासारखं समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण त्याला दुखणार नाही ना?"

झालं! दर रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लावणाऱ्या घरातली माझी आई, पण प्रश्न एकदम वर्मावर. हरणाला दुखणार की नाही हे बऱ्याच अंशी माझ्या रायफलवर बसलेल्या एका फूटभर लांबीच्या नळीवर अवलंबून आहे, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मला मात्र गेल्या वर्षी ते डोळ्यांनी बघायला मिळालं.

ती रात्र

आमच्या शेजारी एक रिटायर्ड आजोबा राहतात. गेल्या सीझनला त्यांचा कॉलेजात जाणारा नातू नवीन रायफल घेऊन आला होता. रायफल उत्तम, वरचा स्कोप मात्र ऑनलाइन सेलमधून उचललेला. कंपनीचं नाव सांगत नाही, पण खोक्यावर आकडे असे की भलेभले गार पडावेत. सहा ते चोवीस पट मोठं दाखवणार, आतली फुली लाल-हिरवी पेटणार. किंमत? साठ-सत्तर डॉलर. ऑक्टोबरमध्ये रेंजवर त्यानं दहा-बारा गोळ्या झाडल्या, सगळ्या मधोमध बसल्या. पोरगा खूश.

सीझनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं ऐंशी यार्डांवरच्या हरणावर नेम धरला. हात स्थिर, हरीण उभं, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. गोळी सुटली, हरीण दचकलं आणि झाडीत पळालं. रक्ताचे थेंब होते, पण थोडेच. रायफल गाडीत ठेवून आम्ही तिघं टॉर्च घेऊन रात्री साडेदहापर्यंत माग काढत होतो. ते सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी, ओढ्याच्या काठाला. बर्फावर ते तीनदा बसून उठल्याच्या खुणा होत्या. म्हणजे रात्रीतला बराच वेळ ते जिवंत होतं.

आजोबा काहीच बोलले नाहीत. दुपारी नातवाला घेऊन रेंजवर गेले, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि शंभर यार्डांवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एकमेकींना चिकटून, पण मध्यापासून पाच इंच डावीकडे.

हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून नेम धरायची जागा असते साधारण आठ इंच व्यासाची. म्हणजे मध्यापासून जेमतेम चार इंच. त्यात पाच इंचांची चूक कुठे बसणार, तुम्हीच सांगा. पोराचा नेम चुकला नव्हता. स्कोप आपली जागा सोडून गेला होता.

आत नेमकं काय असतं?

त्या रात्रीनंतर मी स्वतःसाठी स्कोप शोधायला लागले तेव्हा पहिला फंडा क्लिअर झाला. स्कोपचं मुख्य काम लांबचं जवळ दाखवणं नाही. त्याचं काम एकच, तुम्ही फुली जिथे लावून ठेवली तिथेच तिला ठेवणं.

बाहेरून एकच दिसणाऱ्या नळीच्या आत आणखी एक छोटी नळी असते. तिला इरेक्टर ट्यूब म्हणतात. वरची आणि बाजूची चकती फिरवली की स्क्रू ही आतली नळी जराशी ढकलतो आणि पलीकडून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूवर दाबून धरते. रायफलचा प्रत्येक बार म्हणजे या स्प्रिंगला बसलेला एक दणका. स्प्रिंग कमजोर असेल, स्क्रूचे आटे ढिले असतील, तर काही बारांनंतर नळी केसभर सरकते. तिथलं केसभर म्हणजे शंभर यार्डांवर काही इंच! स्वस्त स्कोपमध्ये पैसा वाचवतात तो इथेच, कारण हा भाग खोक्यावरच्या फोटोत दिसत नाही.

३-९x४० ची भानगड

दुकानात गेलात की पहिल्यांदा कानावर पडेल, "थ्री टु नाइन बाय फॉर्टी." घाबरू नका, साधं आहे. चित्र तीनपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं करता येतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. हरणाच्या शिकारीतली ही आपली वरणभात-लिंबू कॅटेगरी. साधी, पोटभरीची आणि कधी दगा न देणारी.

मग चोवीसपट का नको? कारण जेवढं मोठं दाखवाल तेवढं कमी दिसतं. तीनपटीवर शंभर यार्डांवरचा साधारण तीस फूट रुंदीचा तुकडा नजरेत येतो, नऊपटीवर जेमतेम दहा-बारा. पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच दिसतं आणि उभं राहतं पाच-सात सेकंद. चोवीसपटीवर तुम्हाला दिसेल फक्त तपकिरी केसांचा एक ठिपका. तो खांदा आहे की मागचा पाय, हे कळेपर्यंत हरीण पुढच्या गावात! वर तुमच्या छातीचे ठोकेही चोवीसपट दिसणार, ते वेगळंच.

दुसरं गणित उजेडाचं. कायद्यानं सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते आणि हरणं फिरतात नेमकी याच वेळांना. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीनं भागा. ४० भागिले ९ म्हणजे साधारण ४.४ मिलिमीटर. डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा झोत एवढाच जाड. पट चारवर आणली की तोच होतो १० मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली उघडते साधारण ७ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे संध्याकाळी महागडं भिंग मदतीला येण्याआधी रिंग फिरवून पट कमी करणं कामाला येतं, तेही फुकटात.

काचेवरचा थरही बघा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण चार टक्के उजेड परत फिरतो आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग बरेच असतात. म्हणून खोक्यावर 'फुली मल्टी-कोटेड' हे शब्द हवेत. नुसतं 'कोटेड' लिहिलं असेल तर एखाद्याच पृष्ठभागावर थर दिला असण्याची शक्यता असते.

आतली फुली शक्यतो साधीच घ्या, कडेला जाड आणि मध्ये बारीक. १९६२ मध्ये ल्यूपोल्डनं ही 'ड्युप्लेक्स' फुली आणली आणि ती अजून चालते, कारण तिन्हीसांजेला जाड दांड्या नजरेला आपोआप मध्यावर नेतात. ख्रिसमस ट्रीसारखी आकड्यांनी भरलेली फुली हजार यार्डांवर नेम मारणाऱ्यांना लखलाभ!

भुवई सांभाळा

मुलींनी आणि लहान चणीच्या मुलांनी हे खास बघावं. स्कोपपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराला 'आय रिलीफ' म्हणतात. ते साडेतीन इंच किंवा त्याहून जास्त हवं. कमी असेल तर बार सुटल्यावर रायफल मागे येते आणि स्कोपची कड थेट भुवईवर. इथे याला 'स्कोप आय' म्हणतात आणि भुवईवर चंद्रकोरीची खूण मिरवणारे बरेच जण भेटतात. आपल्याला चंद्रकोर टिकलीतच बरी दिसते! शिवाय एकदा लागलं की पुढच्या बाराआधी डोळे आपोआप मिटतात आणि नेम गेलाच म्हणून समजा. माझी रायफल .२४३ विंचेस्टर आहे. धक्का कमी, हरणाला पुरेशी.

पैशाचं बोलू

सगळं मिळून मी चारशे डॉलर ठरवले होते. त्यातले अडीचशे स्कोपला, पन्नास-साठ त्याला रायफलवर बसवणाऱ्या बेस आणि कड्यांना, उरलेले सरावाच्या गोळ्यांना. अनेक जण नेमकं उलटं करतात. सगळे पैसे स्कोपला घालतात, कडी दहा डॉलरची घेतात आणि गोळ्यांच्या वेळी हात आखडतात. हिमालयात जायला भारी जॅकेट घेऊन पायात स्लिपर घालण्यासारखं आहे हे.

दीडशे ते तीनशे डॉलरच्या पट्ट्यात आज बरेच चांगले पर्याय आहेत. विस्कॉन्सिनच्या व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू, कोलोरॅडोच्या बरिसचा फुलफील्ड आणि या पट्ट्याच्या वरच्या टोकाला ओरेगनच्या ल्यूपोल्डचा व्हीएक्स-फ्रीडम. ल्यूपोल्ड ही १९०७ पासूनची कंपनी. ल्यूपोल्ड आणि व्होर्टेक्स या दोघांची आजीवन हमी दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही मिळते. त्यामुळे यांचा सेकंडहँड स्कोपही चालून जातो. नायकॉननं मात्र २०१९ च्या सुमारास रायफल स्कोपचा धंदाच बंद केला. तेव्हा जुना नायकॉन स्वस्तात मिळत असेल तर दुरुस्तीचं आधी विचारून घ्या.

एक सावधगिरी. नामांकित स्कोप अर्ध्या किमतीत दिसला तर नकली असण्याचीच शक्यता जास्त. ल्यूपोल्डच्या हुबेहूब नकला बाजारात आल्या आहेत आणि त्यांच्यावर कंपनीची हमी चालत नाही.

मी शेवटी तिन्ही स्कोप दुकानदाराच्या परवानगीनं संध्याकाळी दाराबाहेर नेले आणि पार्किंगपलीकडच्या झाडीची सावली बघितली. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्कोप झकास दिसतात. तिन्हींमधला फरक मला अगदी थोडा वाटला. मग ज्यात मान न ताणता चित्र पूर्ण दिसलं आणि ज्याच्या क्लिक बोटांना स्पष्ट कळल्या, तो उचलला.

चौकोनाची परीक्षा

घेतला म्हणजे झालं नाही. आजोबांनी मला शिकवलेली परीक्षा सांगते.

आधी कड्यांचे स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या आकड्याइतकेच आवळायचे, तेही टॉर्क रेंचनं. 'हाताला घट्ट लागलं' हे माप नव्हे. मग पंचवीस यार्डांवर गोळी कागदावर आणायची आणि नंतर शंभरावर जायचं. बहुतेक स्कोपची एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर साधारण पाव इंच. पंचवीसवर तीच होते इंचाचा सोळावा भाग. हे विसरलात तर क्लिक मोजून मोजून बोटं दुखतील.

फुली जुळली की खरी गंमत. मध्यावर एक गोळी. वीस क्लिक वर, म्हणजे पाच इंच, दुसरी गोळी. वीस उजवीकडे, तिसरी. वीस खाली, चौथी. वीस डावीकडे, म्हणजे परत मूळ जागी, पाचवी. नेम मात्र प्रत्येक वेळी कागदाच्या त्याच ठिपक्यावर. कागदावर चौकोन उमटला आणि पाचवी गोळी पहिलीच्या शेजारी बसली, तर स्कोप पास. चौकोनाचा भलताच काहीतरी आकार झाला तर पावती घेऊन तडक दुकान गाठायचं.

यानंतरही एक गोष्ट बहुतेक जण टाळतात. तीन वेगवेगळ्या दिवशी रेंजवर जायचं आणि रोजची फक्त पहिली गोळी मोजायची, थंड नळीतून सुटलेली. जंगलात हरीण तुम्हाला सरावाच्या दहा गोळ्या झाडू देत नाही ना! मी यासाठी जेवणाच्या कागदी प्लेट वापरते. नऊ इंचांची प्लेट, मध्ये स्केचपेननं ठिपका. झाडाला टेकून, गुडघ्यावर बसून, उभं राहून, ज्या अंतरावर पहिली गोळी दर वेळी प्लेटमध्ये बसते, ती माझी हद्द. माझी आज दीडशे यार्ड आहे. स्कोप तीनशेवरचं हरीणही मस्त दाखवतो. पण दिसतं म्हणून मारायचं नसतं.

व्हिसावाल्यांनो, इकडे लक्ष द्या

ऑनसाइट आलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे महत्त्वाचं. ग्रीन कार्ड असेल तर रायफल घेता येते. पण एच-वन बी सारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक जवळ बाळगणं हा एरवी गुन्हा आहे. त्याला काही मोजके अपवाद आहेत आणि राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक. मित्राच्या रायफलनं रेंजवर फक्त मजा म्हणून एक बार काढायचाय? आधी वकिलाला विचारा. आणि स्कोप गावाकडच्या काकांना गिफ्ट म्हणून बॅगेत टाकायचा विचारही नको. रायफलचा स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतो.

भारतातच राहून नेमाची हौस असेल तर रायफल क्लब आहेतच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, ते स्कोपशिवाय. त्या स्पर्धेत दुर्बिणीला परवानगीच नसते. बारीक भोकातून नेम धरायचा. सलाम!

खरेदीला निघताना

• पट नको, पकड बघा. ३-९x४० पुरेसा आहे.
• 'फुली मल्टी-कोटेड' आणि आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला घ्या, म्हणजे थंडीत आतून धुकं धरत नाही.
• आय रिलीफ साडेतीन इंच किंवा जास्त.
• हमी कुणाला, किती वर्षं आणि पावतीशिवाय चालते का, हे वाचून घ्या.
• एकूण बजेटचा किमान पाचवा हिस्सा सरावाच्या गोळ्यांसाठी बाजूला काढा.
• वेगळी ८x४२ दुर्बीण जवळ ठेवा. लांब काय हलतंय ते रायफलच्या स्कोपमधून कधीही बघू नका. झाडीत हलणारा तो दुसरा शिकारी असू शकतो आणि तुमची नळी त्याच्याकडे रोखलेली असते. म्हणूनच इथे डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच नारिंगी रंग घालायची सक्ती आहे.
• रायफल पडली, विमानातून आली किंवा स्क्रूला हात लागला, तर सीझनआधी पुन्हा कागदावर तपासा.

शेजारच्या नातवानं यंदा तो पेटणारा स्कोप काढून टाकला आणि आजोबांचा जुना, नुसता चारपटीचा स्कोप बसवलाय. त्याला कागदी प्लेटचं वेड माझ्यापेक्षा जास्त लागलंय. मला विचाराल तर मी यंदा जाणार आहे, दीडशे यार्डांच्या आतलं हरीण मिळालं तर. नाही मिळालं तर थर्मासमधला चहा संपवून परत येईन. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग बरं. आणि त्या जंगलात स्वेटर घालून बस गं." परवानगी मिळाली, असं मी धरून चालले आहे.